काहीही विनोदी नसताना बोलता बोलता हसू येते. मुलाखतीत ही वाईट सवय कशी टाळावी?

आपण या हसण्याला 'वाईट सवय' म्हटले आहे, म्हणूनच हे उत्तर लिहिण्यास बसले. याच हसण्यापायी माझ्या गोपनीय अहवालात 'गांभीर्याचा अभाव' असा शेरा पडला आणि पदोन्नती दोन वर्षे लांबली.

मी एका शासकीय कार्यालयात लेखा शाखेत वरिष्ठ लिपिक होते. 1993 च्या पावसाळ्यानंतर लेखापरीक्षणाचे पथक आले आणि त्यातल्या मोठ्या साहेबांनी जुनी प्रमाणके, म्हणजे खर्चाची व्हाउचर, मागितली. ओल आलेल्या भिंतीलगतच्या लाकडी कपाटातून मी गठ्ठा काढला. वरची लाल फीत जशीच्या तशी होती, गाठ माझ्याच हातची होती, पुठ्ठाही शाबूत होता. मात्र फीत सोडताच आतून मातकट भुगा टेबलावर आणि साहेबांच्या चहाच्या बशीत सांडला. "साहेब, वाळवी लागली आहे," एवढे म्हणून मी हसले. माझे पाय लटपटत होते आणि ते हसणे म्हणजे माफीच होती. साहेबांनी मात्र तो उद्धटपणा मानला.

माझे यजमान मराठीचे शिक्षक होते. हसू आले त्या अर्थी गंमत वाटलीच असणार, असे ते गेली तीस वर्षे म्हणत आहेत. नाट्यशास्त्रातले स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित हे सहा प्रकार सांगून 'तुझे ते उपहसित' असा निकालही ते देतात. त्याच ग्रंथात हे सहा प्रकार उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतीच्या माणसांना दोन-दोन वाटून दिले आहेत आणि उपहसित मध्यमांकडे येते, म्हणजे वरिष्ठ लिपिकाला ते शोभतेच, हे माझे उत्तर ते ऐकून घेत नाहीत.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांच्या मदतीने बाजारात आणि रस्त्यावर लोकांच्या हसण्याचे 1,200 प्रसंग टिपले. हसण्याआधीच्या वाक्यांपैकी विनोद म्हणता येतील अशी वाक्ये फार तर पाचातले एक भरली. बाकी सारी 'निघतो आता' छापाची होती. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच अधिक हसत होता, आणि तेही बहुधा वाक्य संपल्यावर, पूर्णविराम द्यावा तसे. विनोदाविना हसणे मूर्खपणाचे मानणाऱ्यांनी आपलेच फोनवरचे बोलणे एकदा ऐकावे.

तेव्हा मुलाखतीत हसू दाबू नका. दाबलेले हसू नाकातून निघते आणि ते खरोखरच कुचेष्टेसारखे वाटते. वाक्य पुरे करा, मग हसा, आणि समोरच्याच्या कपाळाला आठी पडलीच, तर 'संकोच वाटला की मला हसू येते' असे सरळ सांगून टाका. मी हे एक वाक्य त्या दिवशी बोलले नाही आणि शेऱ्याविरुद्ध चार पानी अभिवेदन लिहीत बसले.

अर्थात, मुलाखत घेणारा आमच्या साहेबांच्या जातकुळीचा निघाला तर यातले काहीही उपयोगी पडणार नाही. आणि हसू किंवा रडू मनात नसताना उसळत असेल, आवरतच नसेल, विशेषतः पक्षाघातानंतर असे होत असेल, तर तो संकोच नव्हे, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

बशीतला तो भुगा मात्र, खरे सांगायचे तर, थोडासा गमतीदार होता. यजमान ही उत्तरे वाचत नाहीत, म्हणून लिहिते आहे.