ई-आधारची पीडीएफ उघडत नसेल तर

पासवर्ड म्हणजे आधारवर छापलेल्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, सगळी कॅपिटल, आणि लगेच जन्मसाल. नाव साई कुमार, साल १९९० असेल तर SAIK1990. मधली मोकळी जागा धरायची नाही, पण नावात टिंब असेल तर तेही अक्षर धरायचं. बहुतेकजण इथेच अडतात.

फाइल उघडल्यावर तिच्यातल्या डिजिटल सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका, त्यावरून आधार खोटं ठरत नाही. तुमच्या संगणकाने ती सही अजून तपासलेली नाही, एवढंच. मोबाइलवर वेळ घालवू नका. संगणकावर, नेट चालू ठेवून, अ‍ॅडोबी रीडरमध्ये सहीवर राइट-क्लिक करून 'व्हॅलिडेट सिग्नेचर' निवडा. तरीही प्रश्नचिन्ह राहिलं तर सिग्नेचर प्रॉपर्टीजमधून सहीचं प्रमाणपत्र उघडा, ते कोणाच्या नावाचं आहे ते वाचा, मगच 'ट्रस्ट'मध्ये जोडा. आणि हो, सायबर कॅफेत डाउनलोड केली असेल तर फाइल रिसायकल बिनमधूनही काढा.