'येट' या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ कोणता आणि तो 'स्टिल'पेक्षा वेगळा कसा?

आपण विचारले आहे की 'येट' या शब्दाचा अर्थ कुठे 'अजून', कुठे 'तरीही', तर कुठे 'आणखी' असा दिलेला आढळतो. मग त्यातला खरा कोणता, आणि स्पर्धा परीक्षेसाठी कोणता पाठ करावा? प्रश्नातल्या 'पाठ करावा' या दोन शब्दांमुळे हे उत्तर लिहायला बसलो, कारण या शब्दाचा एकच अर्थ पाठ असलेल्या माणसामुळे माझे एक वर्ष वाया गेलेले आहे.

१९९१ साली परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून बारावी उत्तीर्ण होऊन मी पुण्याच्या एका संस्थेत पदविकेसाठी अर्ज केला होता. अर्जासोबत दाखल्याची झेरॉक्स जोडली होती आणि मूळ दाखला नंतर साध्या टपालाने पाठवला होता. जुलैमध्ये संस्थेचे पत्र आले. त्यात एकच महत्त्वाचे वाक्य होते : 'युअर ओरिजिनल लीव्हिंग सर्टिफिकेट इज येट टु बी रिसीव्ड', आणि पुढे, त्यानंतर प्रवेश कायम करण्यात येईल, असा मजकूर होता. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे, त्यामुळे घरात इंग्रजी पत्र वाचू शकणारा मीच पहिला, आणि माझाही स्वतःवर विश्वास नव्हता. पत्र घेऊन मी आमच्या इंग्रजीच्या सरांकडे गेलो. सरांनी चष्मा लावला, 'रिसीव्ड' या शब्दावर बोट ठेवले आणि सांगितले, "येट म्हणजे तरीही. दाखला उशिरा पाठवलास, तरीही त्यांना मिळाला. आता निवांत राहा." मी निवांत राहिलो. ऑगस्टच्या अखेरीस दुसरे पत्र आले, ते प्रवेश रद्द झाल्याचे.

ते दुसरे पत्र मी आमच्या गल्लीतल्या पेशकार काकांना दाखवले. निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार राहिलेले हे गृहस्थ उर्दू माध्यमात शिकलेले होते. इंग्रजी त्यांनी केवळ एक विषय म्हणून अभ्यासले होते. त्यांनी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली आणि पहिल्या पत्रातल्या त्या वाक्यापाशी थांबून म्हणाले, "लेकरा, हे 'ताहम' नाही, हे 'हनोज' आहे." उर्दूत 'ताहम' म्हणजे तरीही आणि 'हनोज' म्हणजे अद्याप. निजामुद्दीन औलियांच्या नावावर सांगितले जाणारे 'हनोज दिल्ली दूर अस्त' हे वचनही त्यांनी त्याच बैठकीत ऐकवले, आणि ज्या तुघलकाविषयी ते सांगितले जाते त्याच्याच मुलाने पुढे राजधानी आपल्या दौलताबादेस आणली, हेही सांगायला ते विसरले नाहीत. मला मात्र त्या क्षणी दिल्लीपेक्षा पुणे अधिक दूर वाटत होते.

सरांची चूक कुठून आली, हे मला पुढे स्वतः इंग्रजीचा शिक्षक झाल्यावर कळले. शालेय व्याकरणात 'येट' भेटतो तो मुख्यतः वाक्ये जोडताना : 'दो ही इज पुअर, येट ही इज ऑनेस्ट'. येथे तो उभयान्वयी अव्यय आहे आणि त्याचा अर्थ खरोखरच 'तरीही' आहे. तेवढाच वहीत उतरवला, की पुढे जिथे 'येट' दिसेल तिथे 'तरीही' घुसवण्याची सवय जडते. 'येट टु' या जोडीत मात्र नकार लपलेला असतो. वाक्यात 'नॉट' कुठेही नाही, पण अर्थ 'झालेले नाही' असाच. यात परके असे काही नाही. मोंढ्यातला कोणताही आडत्या 'पैसे यायचे आहेत' म्हणतो तेव्हा 'नाही' हा शब्द न वापरताही पैसे आलेले नाहीत हेच सांगतो. सरांनी त्या वाक्याचे मराठी 'दाखला मिळायचा आहे' असे केले असते, तर मी दुसऱ्या दिवशीच पुण्याची एसटी पकडली असती.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या मराठीतल्या 'अजून'कडे पाहा. 'अजून बस आली नाही', 'अजून पाऊस पडतोय', 'अजून एक भाकरी वाढ' : तिन्ही वाक्यांत शब्द एकच आहे, आणि जेवणाऱ्याला त्यामुळे कधी संभ्रम पडत नाही. इंग्रजी मात्र पहिल्या वाक्याला 'येट' वापरते ('द बस हॅज नॉट कम येट'), दुसऱ्याला 'स्टिल' ('इट इज स्टिल रेनिंग'), आणि तिसऱ्यासाठी 'अनदर' किंवा 'वन मोअर'. मराठी मुले 'इट इज येट रेनिंग' लिहितात ती या एका 'अजून'मुळेच. नकारात दोन्ही चालतात, पण जागा आणि सूर बदलतो : 'येट' सहसा शेवटी येतो आणि केवळ वाट पाहणे सुचवतो, तर 'द बस स्टिल हॅज नॉट कम' असे म्हणणाऱ्याची चिडचिड 'स्टिल'मधून ऐकू येते, म्हणून तो नकाराच्या आधी बसतो. 'येट अनदर'मध्ये 'येट' आपल्या 'आणखी एक'ला अधिक जोर देतो, बहुधा कंटाळलेल्या सुरात. 'हर बेस्ट परफॉर्मन्स येट' यात तो 'आजवरची' असा होतो, आणि 'ही मे येट कम' यात 'अजूनही येईल कदाचित' अशी आशा असते. 'ॲज येट' म्हणजे आतापर्यंत तरी. हे सर्व अर्थ खरे आहेत. त्यांपैकी कोणता घ्यायचा हे आजूबाजूचे शब्द ठरवतात, म्हणून सुटा शब्द पाठ करू नका, त्याची जोडी आणि जागा लक्षात ठेवा.

हेच मी पुढे सरांना शिक्षकदालनात सांगितले होते. योगायोगाने मी त्याच शाळेत रुजू झालो आणि काही वर्षे आम्ही एकाच विषयाचे शिक्षक होतो. एका मुलीच्या 'शी इज येट टु अराइव्ह' या वाक्यावर त्यांनी लाल फुली मारली आणि शेजारी 'नॉट कुठे आहे?' असे लिहिले, तेव्हा मी ते जुने पत्र घरून आणून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि संस्थेचे इंग्रजीच सदोष असल्याचा निर्वाळा दिला. शब्दार्थाच्या वह्या तपासून त्यावर गुण देणारी पद्धत माझ्या मते याच हट्टाला खतपाणी घालते, आणि २००० सालापासून इंग्रजी पहिलीत आले तरी वह्या तशाच राहिल्या.

दोन गोष्टी मात्र सांगणे न्यायाचे होईल. इंग्रजीच्या अगदी सुरुवातीला शब्दार्थाची यादी लागतेच, मीही ती करून घेतो. शिवाय काळ आणि प्रयोग यांवर सरांची पकड माझ्यापेक्षा चांगली होती. दुसरे असे की 'इट इज येट रेनिंग' यासारखी रचना मी चूक म्हटली, ती आजच्या इंग्रजीपुरती. जुन्या साहित्यात 'येट' होकारार्थी वाक्यात 'अजूनही' या अर्थाने आढळतो. तसेच 'डिड यू ईट येट?' असे अमेरिकन माणूस सहज विचारतो, ब्रिटिश वळणात तेच 'हॅव यू ईटन येट?' होते. आपल्या परीक्षेत हे दोन्ही पर्याय समोर आले, तर दुसऱ्यावर खूण करा.