गोव्याच्या पावसात विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रीकास्ट काँक्रीट टिकेल का?

तुम्ही विचारलंय की बांबोळीच्या पठारावर विद्यापीठाच्या ३०० विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह लवकर उभं करायचंय, तर प्रीकास्ट (भिंती आधीच साच्यात ओतायच्या आणि मग क्रेनने जागेवर बसवायच्या) घ्यावं का, आणि भिंती गळतील का. मी गोव्यात चौदा वर्षं साइट इंजिनिअर आहे, त्यातली पाच प्रीकास्टवर गेली. माझं उत्तर: जरूर घ्या, पण सगळं लक्ष जॉइंटवर, म्हणजे ओतलेल्या भिंतींच्या सांध्यांवर ठेवा.

वसतिगृहाइतकं प्रीकास्टला सोयीचं काम क्वचितच मिळतं. दोघांची एक खोली धरली तर तीच खोली दीडशे वेळा. साचा महाग असतो, पण एकाच साच्यातून इतके पॅनल, म्हणजे भिंतींचे तयार तुकडे, निघाले की तो परवडतो. मजल्यागणिक खोल्यांची मापं बदलणार असतील तर मात्र या वाटेला जाऊच नका.

आपल्याकडे खरा फायदा वेळापत्रकाचा आहे. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. नेहमीच्या पद्धतीत जूनपासून सेंटरिंग (जागेवर काँक्रीट ओतण्यासाठी फळ्या-टेकू लावणं) रखडतं, मग चतुर्थीला माणसं घरी जातात, आणि कामाला पुन्हा जोर येईपर्यंत दसरा उजाडतो. प्रीकास्टमध्ये पाया आणि जोतं मे महिन्यात उरकायचं, पावसाळाभर शेडखाली पॅनल ओतत राहायचे आणि दसऱ्यानंतर क्रेन लावायची.

शेड शक्यतो साइटवरच टाका. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १५० मिलिमीटर जाड पॅनलचं वजन पावणेसात टन भरतं. असा माल बेळगावहून चोर्ला घाटातून आणायचा बेत असेल तर आधी एकदा वळणं मोजून या.

आता गळतीबद्दल. एका वसतिगृहात पहिल्याच जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने बोलावून दाखवलं होतं: खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली, पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दोन पॅनलच्या मधून पाण्याची बारीक रेघ उतरत होती. मी पुट्टीच्या पात्याने सीलंट (सांधा बुजवणारा रबरासारखा माल) उचललं तर ते सालीसारखं निघून आलं. खाली काँक्रीटची धूळ तशीच होती. कडा न पुसता, सीलंट चिकटावं म्हणून आधी लावायचा प्रायमर न लावता माल भरला होता. पॅनल स्वतः ठणठणीत होता. त्या मुलाची नजर मला अजून आठवते, म्हणून सांगतो: आडव्या जॉइंटला बाहेरच्या बाजूला उतरता खाचा द्या, म्हणजे सीलंट गेलं तरी वाऱ्याने रेटलेलं पाणी आत चढत नाही. सीलंट काही वर्षांनी बदलावंच लागतं, त्याचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

जॉइंट फक्त पाण्यासाठी नसतो. लंडनच्या रोनन पॉइंटमध्ये १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर ढकलली गेली आणि २२ मजली इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला. चार माणसं गेली. पुढे ती इमारत उतरवताना काही जॉइंटमध्ये वर्तमानपत्रं कोंबलेली सापडली. म्हणून पॅनल जोडणाऱ्या सळयांच्या स्लीव्हमध्ये (नळीत) ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरताना तुमचा माणूस तिथे उभा हवा: खालच्या भोकातून पंप करायचं, वरच्या भोकातून माल सलग बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. एकही स्लीव्ह नजरेआड भरू देऊ नका.

बांबोळीला खारा वारा लागतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यालगतच्या उघड्या काँक्रीटला किमान एम३० ही ताकदीची प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर) लागतं. पॅनल पातळ करून पैसे वाचवण्याचा सल्ला कुणी दिला तर हे आकडे पुढे ठेवा.

विजेचे पाइप, नळाच्या जागा, पंख्याचे हूक हे सगळं ओतण्याआधी ड्रॉइंगवर पक्कं करा. चिऱ्याच्या भिंतीत मागाहून झिरी मारता येते, इथे छन्नी सळईवरच बसेल.

आणि बाकीचे पॅनल ओतण्याआधी एक पूर्ण खोली उभी करा. बाहेरून तासभर जोराने पाणी मारा, मग आत जाऊन कोरड्या हाताने चारही कोपरे चाचपा.