वाद्यांच्या साथीशिवाय गाताना युवा क्वायरचा (गायकवृंदाचा) सूर का उतरतो?

मुलं तयारीची असतील तर दोष सहसा कानाचा नसतो. खालच्या स्वरावर येताना पाऊल मोठं पडतं, वर चढताना अर्धस्वर अपुरा राहतो, आणि एकच स्वर सलग आला की श्वासाचा आधार सुटतो.

गाण्यातले अवघड ८ बार (तालाचे छोटे भाग) निवडा. शब्द काढून 'नू'वर, निम्म्या लयीत, त्याच पट्टीच्या तानपुऱ्यासोबत गाऊन घ्या. मेजर कॉर्डमधला (सा-ग-प एकत्र) गंधार पियानोपेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली ठेवला तरच कॉर्ड स्थिर लागतो, त्यामुळे सतत पियानोवर सराव नडतो.

मग सोप्रानो, आल्टो, टेनर, बास (सर्वात उंच ते सर्वात खालचा) असा एकेक आवाज घेऊन चौघांचे गट करा. इतरांच्या आधाराने गाणारी मुलं लगेच कळतात. शेजाऱ्यांनी एकाच वेळी श्वास घेऊ नये. शेवटचा स्वर ट्यूनिंग फोर्कशी (ठरावीक स्वर देणाऱ्या धातूच्या चिमट्याशी) ताडून पाहा.