अर्जातली भाषा आणि तोंडातली भाषा

प्रिय पोरी,

तू वडलांच्या नावानं लिहिलेला गारपिटीचा अर्ज व्हॉट्सअॅपवर वाचला. आदल्या रात्री फोनवर तू हेच कसं सांगितलंस आठवतंय का, "वरच्या रानातली सोनाका गेली ओ, लई गारा पडल्या, मणी तडकलं समदं, खाली पाल्याचा सडा पडलाय." मला ती सोनाका द्राक्षांची बाग डोळ्यापुढं दिसली बघ. आणि अर्जात काय, तर "उपरोक्त विषयास अनुसरून सदर क्षेत्रावरील पिकाचे अतोनात नुकसान झालेले असून". यात गारा कुठायत? मणी कुठायत? द्राक्ष हा शब्दसुद्धा नाही!

जड शब्द घातले की भाषा औपचारिक होते हे डोक्यातनं काढून टाक. फोनवर तू बोलत होतीस ते मला, आणि मी तुमचं रान बघितलंय, म्हणून "वरचं रान" एवढ्यावर भागलं. कचेरीतल्या माणसाला वरचं कुठलं अन् खालचं कुठलं, त्यामुळं तिथं गावाचं नाव, गट नंबर, किती गुंठे बाग, कुठल्या तारखेला किती वाजता गारा पडल्या हे सगळं लिहावंच लागतं, कारण बोलताना ओळख, आवाज, हातवारे जे सांभाळून घेतात ते कागदावर नसतं.

बाकी रूपं बदलायची ती बदल. "मणी तडकलं समदं" चं "सर्व मणी तडकले" कर, "माझं" चं "माझे". मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा कथा-कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडी "असं केलं" चालतं, एरवी "असे केले" लिहायचं. म्हणजे बोलीला जागा दिलीय, चूक नाही म्हटलेलं. आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायका "मी जातो, मी करतो" म्हणतात त्याला कॉलेजात कुणी हसलं तर हसू दे, अर्जात "करते" लिही आणि घरात आईशी बोलतीस तसंच बोल.

मला खरा राग येतो तो "करण्यात आले" चा. तोंडी तू म्हणालीस, "तलाठी आल्ते, बांधावरनंच बघून गेले." अर्जात झालं, "पाहणी करण्यात आली." कुणी केली, बागेत उतरून केली का? सगळं गायब! तिथं सरळ लिही, "तलाठ्यांनी बांधावरून पाहणी केली, पंचनामा अजून झालेला नाही." हे उद्धट नाही, आणि तुझ्या वडलांच्या उपयोगाचं वाक्य तेच आहे. आपली बोली कोण आलं, काय केलं ते कधी गिळत नाही, ती सवय कागदावर पण ठेव.

आता नवीन लिहून पाठव, मी बघतो. सातबारा आणि फोटो जोड, दोन प्रती काढ, आणि आपल्याकडच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नकोस.