कात्रज ते सिंहगड : वळवाच्या दिवसांतील रात्रीची वाट

प्रश्न : येत्या वैशाखी पौर्णिमेला मी, माझा अकरावीतला मुलगा आणि दोन भाचे असे चौघे कात्रज ते सिंहगड ही डोंगरवाट रात्री चालण्याचे ठरवत आहोत. सिंहगडावर आमचे पायी जाणे नेहमीचे आहे; ही सलग धार मात्र कधी चाललेलो नाही. सध्या रोज संध्याकाळी आभाळ भरून येते. वाटेत पावसाने गाठले तर काय करावे, आणि पौर्णिमा असताना टॉर्च लागतीलच का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : आपण पावसाविषयी विचारले आहे, पण या वाटेवर मला पावसापेक्षा विजेचे भय अधिक वाटते, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

जुन्या कात्रज बोगद्यापासून सिंहगडाच्या रस्त्यापर्यंतची ही वाट सुमारे पंधरा किलोमीटरची असून तीत लहानमोठ्या तेरा टेकड्या मोजण्याची ट्रेकर मंडळींची रीत आहे. जवळजवळ सगळी चाल धारेच्या माथ्यावरून आहे. झाडे विरळ, गवत वाळलेले, आणि आसरा म्हणावा असा एकही आडोसा नाही. उजव्या हाताला पुण्याचे आणि डाव्या हाताला खेड शिवापूरकडचे, सातारा रस्त्याचे दिवे सतत दिसत असल्यामुळे आपण वस्तीजवळच आहोत असे मनाला वाटत राहते. पण धारेवरून अंधारात खाली उतरायला तास-दीड तास सहज लागतो, हे लक्षात असू द्यावे. वीज चमकते तेव्हा अशा माथ्यावर चालणारा माणूस हाच सर्वांत उंच ठिपका असतो.

वळवाचे ढग दुपारच्या उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेमुळे उभे राहतात. त्यामुळे त्यांचा जोर बहुधा दुपारनंतर आणि संध्याकाळी असतो आणि जमीन निवत गेली की तो ओसरतो. नेमक्या याच वेळी, म्हणजे सातआठच्या सुमारास, बहुतेक गट कात्रजहून चढायला लागतात. माझे सांगणे असे, की त्या दिवशी संध्याकाळी गडगडाट झाला असेल तर रात्री दहापर्यंत घरीच थांबून आभाळ पाहावे आणि ते स्वच्छ झाले तरच निघावे. आभाळ धरलेलेच राहिले तर बेत सरळ पुढे ढकलावा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवते, ते निघण्यापूर्वी आणि बोगद्यापाशी पुन्हा एकदा पाहावे.

तरीही वाटेत गाठलेच तर अंतर मोजावे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की साधारण किलोमीटर मिळतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सातजण याच धारेवर असताना पहिल्यांदा सतरा सेकंद मोजले, आणि थोड्या वेळाने नऊ. म्हणजे सहा किलोमीटरवरचे वादळ तीनवर आले होते. आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते, की पुढची टेकडी ओलांडून मग पाहू. त्याचे ऐकले नाही, याचे मला आजही समाधान आहे. आम्ही शिवापूरच्या बाजूच्या एका सोंडेवरून बसत बसत खाली आलो. पायाखालचा मुरूम मोहरीसारखा घरंगळत होता आणि ओल्या मातीचा वास पावसाच्या आधी आमच्यापर्यंत पोहोचला होता. खरे तर आम्हीही उशीरच केला होता. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले की माथा सोडायचा, हा नियम निघण्यापूर्वीच चौघांनी मिळून ठरवून ठेवा, म्हणजे धारेवर वाद होणार नाही. उतरताना सोंड धरावी, घळीत शिरू नये, कारण पाऊस पडला की पाणी तिथूनच धावते.

उतरणे अशक्यच झाले तर एकट्या झाडापासून दूर, धारेखालच्या उतारावर, पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये. चौघांनी एकत्र न बसता एकमेकांत पंधरावीस मीटर अंतर ठेवावे. धातूच्या काठ्या बाजूला टाकाव्यात. हे केल्याने धोका फक्त कमी होतो, टळत नाही, म्हणूनच वेळेवर उतरण्यावर माझा इतका भर आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा माथ्यावर चढू नये.

टॉर्च प्रत्येकाकडे हवीच, तीही डोक्याला बांधायची. चांदण्यात पायवाट दिसते, पण उतारावरचा सुटा मुरूम दिसत नाही. शिवाय दगडांत फुरसे किंवा घोणस असू शकते. पाणी वाटेत भरवशाचे कुठेच नाही, तेव्हा माणशी चार लिटर घ्यावे. वनविभागाच्या कार्यालयात रात्रीच्या परवानगीची चौकशी आधीच करावी. शेकोटी मुळीच नको, त्या वाळल्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

प्रश्न : मे महिन्यातल्या रात्रीच्या ट्रेकला गरम कपडे घ्यावेत असे ऐकले. हे खरेच आवश्यक आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : होय. पुण्यात रात्री पंखा लावूनही उकडत असले, तरी सिंहगडाचा माथा शहरापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, आणि घामाने किंवा पावसाने भिजलेल्या अंगावर पहाटेचा वारा लागला की दात वाजू लागतात. जाड स्वेटरची गरज नाही. एक कोरडा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि वारा अडवणारे पातळ जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये ठेवावे आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजण्याची वाट न पाहता, अंगावर चढवावे.