वाचकांचे प्रश्न : घरभराच्या फाइलींसाठी एकच डिस्क

प्रश्न : घरात दोन लॅपटॉप, तीन फोन आणि एक टीव्ही आहे. सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं एका जागी हवी आहेत. तयार नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारं यंत्र) घेणं परवडत नाही. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावून भागेल का?

उत्तर : भागेल, पण फार दिवस नाही. फाइली वाटण्याचं काम राउटरच्या छोट्या प्रोसेसरला झेपत नाही, आणि डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असेल तर वेग आणखी घसरतो. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. बऱ्याच जुन्या राउटरना एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या पद्धतीची, फक्त पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या दोषातून, आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोज १० ने ती बंद ठेवायला सुरुवात केली. राउटर दिसावा म्हणून ती पुन्हा चालू करायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका.

घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोच वापरा. ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, गिगाबिट नेटवर्क पोर्ट आणि एक यूएसबी ३ पोर्ट एवढं पुरे. मात्र आधी त्याची बॅटरी बघा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डगमगत असेल, किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती काढल्याशिवाय हे यंत्र दिवसरात्र चालू ठेवू नका. बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तीच यूपीएसचं काम करते. ही सोय डेस्कटॉपमध्ये नाही, आणि त्याला वीजही जास्त लागते.

ओपनमीडियाव्हॉल्ट हे लॅपटॉपला फाइल सर्व्हर बनवणारं, लिनक्सवरचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि बसवल्यावर सगळं ब्राउझरमधून चालवता येतं. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा : ज्या डिस्कवर ते बसतं ती पूर्ण डिस्क ते सिस्टिमसाठी घेतं. म्हणून सिस्टिम लहान एसएसडीवर किंवा १६ जीबीच्या चांगल्या पेनड्राइव्हवर ठेवा, फाइलींसाठी वेगळी डिस्क ठेवा. पेनड्राइव्ह असेल तर फ्लॅशमेमरी प्लगिन लगेच टाका, नाहीतर सततच्या लॉग लिहिण्याने तो लवकर झिजतो. फाइलींची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. त्यात जुनं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी प्रत काढून घ्या. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगइनडी या लिनक्सच्या सेवेच्या सेटिंगमध्ये ‘हँडललिडस्विच’ला ‘इग्नोर’ द्या. राउटरमध्ये या यंत्राचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे राउटर बंद-चालू झाल्यावर टीव्हीला सर्व्हर सापडत नाही असं होणार नाही.

प्रश्न : सगळं बसवलं, पण कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. डिस्क नवी आहे.

उत्तर : ११ हा आकडाच दोष सांगतो. १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात ११-१२ एमबीच मिळतात. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवेत. १०० मेगाबिटला केबलच्या आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक तार तुटली किंवा क्लिपमध्ये नीट बसली नाही, तर जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते आणि कुठेही चूक दाखवत नाही. सर्व्हरवर ईथटूल ही कमांड चालवून ‘स्पीड’ची ओळ वाचा. तिथे १०० दिसले तर आधी केबल बदला, कॅट ५ई किंवा त्यावरच्या दर्जाची घ्या. केबल बदलूनही फरक पडला नाही तर राउटरचे पोर्ट तपासा. पुष्कळ स्वस्त राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. अशा वेळी पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच मध्ये घातला की काम होतं. सर्व्हर वायफायवर ठेवू नका : लॅपटॉपही वायफायवर असेल तर प्रत्येक फाइल एकाच हवेतून दोनदा जाते.

हजारो लहान फोटो कॉपी करताना वेग कमी दिसणारच, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात वेळ जातो. वेग मोजायचा तर एकच मोठी फाइल घ्या.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला २.५ इंची दोन डिस्क थेट लावल्या आहेत. कॉपी चालू असताना एखादी मध्येच नाहीशी होते. परवा पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभराचे फोटोच दिसेनात!

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण मूळ बहुधा एकच : वीज. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. फिरायला लागताना एकटी डिस्कच १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते, मग दोघींना पुरणार कसं? स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या आणि दोन्ही डिस्क त्यावर लावा. पाय ५ घेतला तरी ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर तो यूएसबीला एकूण ०.६ अँपिअरच देतो, १.६ हवे असतील तर ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. हबनंतरही कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘यूएएस’ आणि ‘रीसेट’ असे शब्द वारंवार येत असतील, तर डिस्कला यूएसबीशी जोडणाऱ्या सॅटा-यूएसबी चिपचं यूएएसशी, म्हणजे यूएसबी डिस्क वेगात चालवण्याच्या पद्धतीशी, जमत नाही. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बूटच्या ओळीत ‘क्वर्क्स’ लिहून त्या चिपपुरतं यूएएस बंद करता येतं. वेग थोडा कमी होतो, पण डिस्क टिकून राहते.

फोटो बहुतेक गेलेले नाहीत. डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरशी जोडली गेली नाही, तरी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मेमरी कार्डावर असतोच, आणि नेटवर्कवर फाइली वाटणारं सांबा त्यातच लिहीत राहतं. नंतर डिस्क माउंट झाली की ती त्या फोल्डरवर बसते आणि खालचं सगळं झाकून टाकते. डिस्क अनमाउंट करून त्या फोल्डरमध्ये बघा, फोटो तिथे असतील. ते आधी दुसरीकडे हलवा. पुन्हा असं होऊ नये म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) डिस्कची ओळख यूयूआयडी या तिच्या स्वतंत्र क्रमांकाने द्या, कारण लिनक्सने दिलेली एसडीए-एसडीबी ही नावं अदलाबदल होतात. सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी यंत्र सुरू होईल. मग डिस्क अनमाउंट असतानाच त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या कमांडने ‘+आय’ द्या, म्हणजे त्यात काही लिहिताच येणार नाही. आता डिस्क नसेल तर लिहिताना लगेच चूक दिसेल. चूक दिसलेली फार बरी, आठवडाभर कोणाला पत्ताच नसण्यापेक्षा.

प्रश्न : माझ्या फाइली बायको उघडू शकते, पण बदलू शकत नाही.

उत्तर : फाइल तुमच्या नावावर तयार होते आणि इतरांना फक्त वाचता येते. दोघांनाही ‘घर’ अशा एका गटात घाला, सामायिक फोल्डर त्या गटाच्या नावे करा आणि त्याला २७७५ परवानगी द्या. सुरुवातीचा २ असल्याने आत तयार होणारं सगळं त्याच गटाचं राहतं. सांबात ‘क्रिएट मास्क’ ०६६४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ करा. जुन्या फाइलींचा गट आणि परवानगी मात्र एकदा हाताने बदलावी लागेल. पासवर्ड नसलेल्या पाहुणा खात्यावर भिस्त ठेवू नका. विंडोज ११ प्रोने २४एच२ या आवृत्तीपासून सायनिंग (प्रत्येक संदेशावर खात्रीची सही) सक्तीचं केलं आहे आणि पाहुण्याला ते जमत नाही. शिवाय विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावाने जोडू देतं. दुसरं नाव देऊन १२१९ क्रमांकाची चूक आली तर जुनी जोडणी आधी तोडा.

प्रश्न : दोन सारख्या डिस्क घेऊन रेड १ (दोन्ही डिस्कवर आरशासारखी एकच प्रत) केलं तर वेगळ्या बॅकअपची गरज उरत नाही ना?

उत्तर : उरते, आणि दोनच डिस्क परवडत असतील तर आम्ही रेड करूच नका असं सांगू. रेड १ एक डिस्क बंद पडल्यावर काम चालू ठेवतं, बस. मुलाने चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर शेअर केलेल्या फाइलीही त्याच्या हाती लागतात, आणि आरसा तेच बिघडलेलं रूप दोन्हीकडे दाखवतो. घरच्या वापरात डिस्क मरण्यापेक्षा अशा चुकांचीच भीती जास्त धरावी.

दुसरी डिस्क बॅकअपसाठी ठेवा. आठवड्यातून एकदा लावा, फाइलींची प्रत काढणारं आरसिंक चालवा, काढून कपाटात ठेवा. ‘लिंक-डेस्ट’ हा पर्याय वापरलात तर दर वेळी तारखेचा वेगळा फोल्डर बनतो, पण न बदललेली फाइल दुसऱ्यांदा जागा घेत नाही. नुसतं ‘डिलीट’ लावून एकच प्रत ताजी करत राहिलात तर पुसलेला फोल्डर पुढच्या आठवड्यात बॅकअपमधूनही जाईल. बॅकअप सुरू करण्यापूर्वी मूळ डिस्क माउंट आहे का ते स्क्रिप्टला तपासायला लावा. रिकामा फोल्डर बघून आरसिंक बॅकअपही रिकामा करू शकतं. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो देते त्या, अहवालात ५, १९७ आणि १९८ या ओळींचे आकडे शून्यावरून वर चढू लागले तर वाट न बघता नवी डिस्क आणा.

प्रश्न : बाहेरगावाहून फाइली बघायच्या आहेत. राउटरवर एसएमबीचा ४४५ पोर्ट उघडू का?

उत्तर : अजिबात नको. वर ज्या वॉनाक्रायचा उल्लेख आला तो याच पोर्टातून शिरायचा, आणि उघडं ४४५ शोधणारे इंटरनेटवर अखंड फिरत असतात. वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) बसवा. त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो, आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. फोनवर त्याचं अॅप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. तुमच्या इंटरनेट सेवेने अनेक घरांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला असेल तर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. राउटरवरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तसंच समजा आणि पोर्ट न उघडता चालणारं टेलस्केल वापरा. तेही आतून वायरगार्डवरच चालतं.